इंजिनीअरबाईंचा पूल

ता. ७ मार्च, रविवार

प्रिय इंजिनीअरबाई,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. आम्ही ठीक आहोत. आईचा खोकला गेला. माझा गुडघा कुरकुरतो, पण आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो. तू वेळेवर जेवतेस का? साइटवर उभ्या उभ्या बिस्किटं खाऊन दिवस काढत असशील, मला काय माहीत नाही का!

आधी पुलाचं. तू पाठवलेला फोटो मी खिडकीपाशी नेऊन बघितला, चष्मा पुसून बघितला, मग उलटा धरूनही बघितला. उलटा धरला की तोल कळतो, असं तूच एकदा सांगितलं होतंस. दोन मनोरे, दोन्ही अंगांना पसरलेल्या तारा, आणि मधे इतका बारीक रस्ता की खाडीवर कुणी पेन्सिलीनं रेघ ओढल्यासारखं वाटतं. एवढा अवजड पूल, पण डोळ्यांना कुठेही जड लागत नाही. मधला शेवटचा तुकडा बसवल्याचं तू लिहिलंस ते मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. उन्हानं पोलाद फुगायच्या आत, उजाडता उजाडता, दोन काठांकडून आलेले दोन अर्धे पूल समोरासमोर आले आणि जुळले. आई म्हणाली, "आणि नसते जुळले तर?" मी म्हटलं, "ती आहे ना तिथं."

तू आमच्या घरात सून म्हणून आलीस तोवर इमारत बघायची असते हे मला ठाऊकच नव्हतं. माझी सगळी नोकरी उंच इमारतींच्या पोटात गेली. लिफ्टच्या विहिरीत उतरायचं, दोर तपासायचे, ग्रीस लावायचं, हात पुसायचे आणि पुढच्या इमारतीत जायचं. आतडी सगळी ओळखीची, पण चेहरा एकीचाही नीट बघितलेला नाही. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तू म्हणालीस, "बाबा, चला, तुमच्या इमारती दाखवा मला." मी मोठ्या तोऱ्यात तुला मुख्य रस्त्यावरच्या जुन्या विमा इमारतीकडे नेलं, तिथली पितळी दारांची लिफ्ट दाखवायला. तू आत आलीच नाहीस. फुटपाथवरच थांबलीस. मान वर करून इतका वेळ बघत राहिलीस, की येणारी-जाणारी माणसंही थांबून वर बघायला लागली. वरून कुणी उडी मारतंय की काय, असं वाटलं त्यांना.

"इमारत जमिनीला कशी भेटते ते आधी बघायचं, बाबा," तू म्हणालीस. "मग आभाळाला कशी भेटते ते. मधलं सगळं आतल्या माणसांचं."

मी त्या इमारतीत शंभरदा गेलो असेन. खालचे दगड खडबडीत आणि वरचे हळूहळू गुळगुळीत होत जातात, हे मला त्या दिवशी दिसलं. माथ्यावर ती एकदम थांबत नाही, पायऱ्या पायऱ्यांनी अंग चोरत वर निमुळती होते, हेही त्याच दिवशी.

तिथून आपले रविवार सुरू झाले. जुना लोखंडी पूल, पाण्याच्या टाकीचा मनोरा, गोदीकडचा उघडणारा पूल. आमचा मुलगा सुरुवातीला यायचा आपल्याबरोबर. मग म्हणायला लागला, "तुम्ही दोघं या बघून, मी झोपतो." त्याचं चुकलं असं नाही मी म्हणत. मान वर करून चालायला सगळ्यांनाच आवडत नाही. आई तर म्हणायचीच, "या दोघांना बाहेर सोडलं की माझा जीव टांगणीला. एखाद्या दिवशी मिळून खड्ड्यात पडतील."

तुम्ही दोघं वेगळे झालात आणि तू त्या पुलाच्या कामावर गेलीस, तेव्हा वाटलं, संपलं. कोर्टातून कागद आले. तुझं कपाट रिकामं झालं. आणि मग महिन्याभरानं तुझा लिफाफा आला. आत पुलाच्या पायाचं तू हातानं काढलेलं चित्र होतं, खाली एकच ओळ, 'बाबा, ओळखा बघू, वरचा भार कुठून कुठे जातो?' मी दोन दिवस डोकं खाजवत बसलो होतो. उत्तर चुकलं ते चुकलंच, पण तेव्हापासून आपलं हे सुरू आहे. फोनवर मला काही जमत नाही. नुसतं हं हं करतो आणि ठेवल्यावर सगळं आठवतं. पत्रात बरं असतं.

इकडची खबर. जुन्या लोखंडी पुलाला रंग देताहेत. हिरवाच आहे, पण तुला आवडणारा काळपट हिरवा नव्हे, दवाखान्याच्या भिंतीसारखा. मी तिथल्या मुकादमाला विचारलं, तर म्हणाला, "आजोबा, डब्यात जो आला तो दिला." रिव्हेट मात्र एकेक घासून काढताहेत, ते बघायला बरं वाटलं. 'मेणबत्ती'च्या, त्या काचेच्या नव्या टॉवरच्या, माथ्यावरचा शहर बघायचा सज्जा आता लोकांना खुला झाला. अख्ख्या शहरानं त्या टॉवरला नावं ठेवली होती, आता तेच रांग लावून वर जातात. संध्याकाळी पश्चिमेकडून बघितलं तर त्याची काच आधी तांबडी होते, मग राखाडी, आणि शेवटी नुसती धार उरते. तू म्हणाली होतीस तसंच.

घरचं विशेष काही नाही. तो बरा आहे. काम पुष्कळ असतं. एक गाण्याच्या शिक्षिका हल्ली घरी येतात अधूनमधून. बऱ्या आहेत. पाहुण्यांच्या खोलीची खिडकी बसत नव्हती ती दुरुस्त करून घेतली.

आता तुझ्या आमंत्रणाचं. गाड्या सुरू व्हायच्या आधी एक दिवस पूल चालणाऱ्यांसाठी खुला ठेवणार, आणि पूर्वेच्या फाटकाशी तू माझ्यासाठी थांबणार, हे वाचून मी घरात दोन चकरा मारल्या. गुडघा हू का चू करत नव्हता. येणार. नक्की येणार. त्यानंच तिकीट काढून दिलं. तुझ्याशी बोलायचंही आहे थोडं. ते समोर बसूनच.

मी जन्मभर माणसं वर-खाली नेली, तू आडवी नेतेस. बघू कुणाचं जास्त टिकतं!

येतोच.

बाबा

---

ता. २९ मार्च, सोमवार

प्रिय इंजिनीअरबाई,

आशीर्वाद.

तुला कोणत्या तोंडानं लिहू. शनिवारी मी येऊ शकलो नाही. गुडघ्यानं ऐनवेळी दगा दिला. शुक्रवारी सकाळी पाय टेकवेना. डॉक्टर म्हणाले, प्रवास नको. तिकीट परत केलं. फोन करायला हवा होता, पण तू गडबडीत असशील म्हणून केला नाही. तू बराच वेळ थांबली असशील फाटकाशी. त्याचं फार वाईट वाटतं.

वर्तमानपत्रात फोटो आला आहे. पहिल्या पानावर, अर्धं पान. मी कापून ठेवला. फोटोत नीट येत नाही ते. मनोरे वर जाताना एकमेकांकडे किंचित कलतात, ते सपाट दिसतं. आणि खालून चालताना तारा एकीमागून एक सरकतात, पंखा उघडल्यासारख्या, ते कुठल्या कागदावर येणार? वारा बराच असणार तिथं. लोकांना टोप्या धराव्या लागल्या असतील.

तुझं सगळीकडे कौतुक झालं असेल. झालंच पाहिजे.

आई ठीक आहे. तोही ठीक. माझी काळजी करू नकोस, दोन-चार दिवसांत हिंडाय-फिरायला लागेन. आज जास्त लिहवत नाही.

बाबा

---

ता. ११ एप्रिल, रविवार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. रागावशील असं वाटलं होतं, तर तू गुडघ्याचा पट्टा पाठवलास. वर लिहिलंस, 'पुढच्या रविवारी मी स्वतः येते, तुमचा पाय बघायला. रजा टाकली आहे. आईंना सांगा, फक्त चहा हवा, बाकी काही करू नका.'

पोरी, येऊ नकोस.

हे दोन शब्द लिहायला मला परवापासून आजपर्यंत वेळ लागला. आता लिहिलेत, तर बाकीचंही सांगतो. मधेच थांबलो तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

त्याचं लग्न ठरलं आहे. येत्या शनिवारी नोंदणी आहे आणि रविवारी घरी जवळच्या लोकांचं जेवण. त्या गाण्याच्या शिक्षिका, ज्यांच्याविषयी मी एक ओळ लिहून खिडकीच्या दुरुस्तीकडे वळलो होतो, त्याच. तुम्ही वेगळे झाल्यानंतरची ओळख आहे, आधीची नव्हे. हे तुला कळायला हवं म्हणून लिहितो.

मुलगी चांगली आहे. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. नाकं मुरडली असती, तुझ्याशी तुलना केली असती, तुला पत्रातून चहाड्या सांगितल्या असत्या. पण ती आईच्या औषधांच्या वेळा लक्षात ठेवते. तो तिच्यासमोर हसतो. तुमच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही दोघं भांडतसुद्धा नव्हतात. बाजूच्या खोलीतून मला ती शांतता ऐकू यायची. आता त्या खोलीतून आवाज येतात. बाप म्हणून मला त्याचा आनंद व्हायला हवा, आणि होतो. पण तो आनंद झाला की लगेच काहीतरी चोरल्यासारखं वाटतं.

फेब्रुवारीत ती मला म्हणाली, "मलाही दाखवा ना तुमच्या इमारती." मी गुडघ्याचं कारण सांगितलं. पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं, तेव्हा नाही म्हणवेना. 'मेणबत्ती'च्या वर घेऊन गेलो. लिफ्टमध्ये तिनं माझी बाही घट्ट धरली होती. डोळे मिटलेले. मला वाटलं, देवाचं नाव घेते आहे. वर गेल्यावर म्हणाली, "मला उंचीची फार भीती वाटते. खुर्चीवर चढून दिवा बदलता येत नाही मला."

"मग आलीस कशाला एवढ्या वर?"

"तुम्ही येता म्हणून."

मी तिला काचेपासून लांब उभं केलं आणि लांबूनच शहर दाखवायला लागलो. ती विमा इमारत बघ, माथ्याशी कशी अंग चोरत जाते. तो लोखंडी पूल, त्याची कमान पाण्यातल्या पडछायेशी जुळून पूर्ण गोल होते. वाऱ्यात हा टॉवर डोलतो, डोलायलाच हवा, ताठ राहिला तर मोडेल. बराच वेळ बोलत होतो. थांबलो तेव्हा तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, भीतीनं.

"खाली जाऊ या का?" मी म्हटलं.

"बाबा," ती म्हणाली. तिनं मला पहिल्यांदाच बाबा म्हटलं. "मी तुमच्याशी बोलायला वर आले. तुम्ही मात्र त्यांच्याशीच बोलत होता."

खरंच होतं ते. प्रत्येक वाक्य तुझं होतं. माझ्याजवळ या बाबतीत माझं असं वाक्यच नाही.

तिनं घरी कुणालाही काही सांगितलं नाही. पण आईला सगळं दिसतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी तुला पत्र टाकून आलो, तर ती भाजी निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "अहो, एक विचारू? त्या मुलीनं या घरात यायचं आणि दर रविवारी बघायचं, सासरा पहिल्या सुनेला पत्र लिहितोय. तुमची बहीण असती तिच्या जागी, तर?"

मी म्हटलं, "मी काय वाईट लिहितो? पूल आणि इमारती."

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "दुसरं काही लिहीत असतात तर बरं झालं असतं. तुमचं जे काही खरं आहे ते सगळं तिकडे जातं."

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो, कारण तिचं चुकलं नव्हतं.

म्हणून मी तुझ्याकडे यायचं ठरवलं होतं. दोन गोष्टी सांगायला. एक लग्नाची. दुसरी ही, की यापुढे माझी पत्रं येणार नाहीत.

आणि मी आलो होतो.

हो. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. डॉक्टरकडे गेलो नव्हतो, तिकीट परत केलं नव्हतं. तो मला स्टेशनवर सोडायला आला होता. गाडी सुटायची वेळ होईपर्यंत प्लॅटफॉर्मवर चकरा मारत होता. मग खिडकीशी येऊन म्हणाला, "बाबा, तिला माझ्याकडून... नको, काही नको. फक्त नीट बघून या. चांगला झालाय म्हणे." आणि मागं वळून भराभरा चालायला लागला.

शनिवारी सकाळी मी तुझ्या पूर्वेच्या फाटकासमोर होतो. रस्त्याच्या पलीकडे आइस्क्रीमची गाडी होती, तिच्याआड. तू नारिंगी जाकीट घातलं होतंस. बारीक झाली आहेस. डोक्यावर एक हेल्मेट आणि काखेत दुसरं, पिवळं. त्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात 'बाबा' लिहिलेलं. मला रस्त्यापलीकडून वाचता आलं.

मी निघालो होतो, पोरी. खरंच निघालो होतो. अर्धा रस्ता ओलांडला होता. तेवढ्यात तुझ्या कुणी साहेबांनी तुला हाक मारली, फोटोसाठी. तू मधे उभी राहिलीस, सगळ्यांत बुटकी, आणि हसलीस. तसं हसताना मी तुला आमच्या घरातल्या शेवटच्या वर्षात एकदाही बघितलं नव्हतं. तू धावत पुन्हा फाटकाशी आलीस, आणि मी उलट्या पावली गाडीमागे गेलो. मी समोर आलो असतो, तर तू पहिल्याच वाक्यात विचारलं असतंस, "घरी कसे आहेत सगळे?" आणि तुझ्यासमोर मला खोटं बोलता येत नाही. तुझ्या पुलावर, तुझ्या दिवशी, मी ते तुझ्या ओंजळीत टाकणार होतो का?

तू येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे बघत होतीस. एकजण माझ्यासारखाच वाकून चालणारा आला, तर तू हाक मारायला हात वर केलास. मग त्याचा चेहरा दिसला आणि तो हात तू हळूच केसांवरून फिरवून खाली घेतलास, जणू त्यासाठीच वर केला होतास. बाकी सगळं मी विसरेन, पण तो हात नाही विसरणार.

बऱ्याच वेळानं तुला कुणीतरी आत बोलावलं. तू पिवळं हेल्मेट पहारेकऱ्याकडे दिलंस, त्याला काहीतरी समजावून सांगितलंस. बहुधा माझं वर्णन. तू गेल्यावर मी एका मोठ्या कुटुंबाच्या मधे शिरलो आणि त्या पहारेकऱ्याकडे न बघता आत गेलो.

मी तुझा पूल चाललो. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सावकाश, पुन्हा पुन्हा थांबत. आधी तो जमिनीला कसा भेटतो ते बघितलं. चढ इतका हळू आहे, की आपण जमीन कधी सोडली ते कळतच नाही. खाली पाणी दिसतं तेव्हा समजतं. मनोऱ्याच्या पायथ्याशी पाठ टेकून वर बघितलं, तर भोवळ आली. मी, ज्यानं लिफ्टच्या विहिरीत आयुष्य काढलं! वर जाता जाता दोन्ही मनोरे एकमेकांकडे कलतात, भेटणार भेटणार असं वाटतं, आणि न भेटताच संपतात. त्यांना धरून ठेवलंय ते मधल्या रस्त्यानं. मधोमध, जिथं दोन अर्धे जुळले, तिथं मी सांधा शोधत होतो. सापडला नाही. कठड्यावर हात ठेवला तर हजारो पावलांची थरथर हातात आली. पूल जिवंत वाटतो गं. मोठ्या जनावराच्या पाठीवर हात ठेवावा तसा.

माझ्या बाजूला एक बाई नातवाला कडेवर घेऊन उभी होती. म्हणाली, "तुमचं कुणी आहे का इथं कामाला? मघापासून बघतेय, तुम्ही हात फिरवताय."

मी म्हटलं, "माझी मुलगी आहे. तिनं बांधला."

"एवढा? एकटीनं?"

"मला तरी दुसरं कुणी दिसत नाही."

ती हसली. मग माझ्याकडे नीट बघून हसायची थांबली, आणि पिशवीतली पाण्याची बाटली माझ्यापुढे केली.

पलीकडच्या टोकाला बस होती. तिथून स्टेशन. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं की भेट झाली, पूल फार सुंदर आहे. तुला लिहिलं की आलो नाही. दोन्हीकडे खोटं बोलून बसलो. निभलं असतंही. पण तू येते म्हणालीस.

तू आलीस तर दार कोण उघडेल, याचा मी विचार केला. दाराशी नवी मंडळी, आत फुलं, आणि तू हातात शेकाची पिशवी नाहीतर मलम घेऊन पायरीवर उभी. तुझ्यावर ती वेळ मी येऊ देणार नाही. म्हणून येऊ नकोस. रजा रद्द कर, नाहीतर कुठेतरी भटकून ये, एखादा मनोरा बघून ये.

तुम्ही वेगळे झालात तेव्हा कोर्टात तुला विचारलं, त्याला विचारलं. तुम्ही दोघं समजूतदार, दोघंही हो म्हणालात. मला कुणी विचारलं नाही. त्यांचं बरोबर आहे, सासऱ्याला विचारायची पद्धत कुठेच नसेल. पण मी त्या दिवशी घरी येऊन बुटांचे बंद सोडत खाली वाकलो, तो कितीतरी वेळ वर उठलोच नाही. मुलगा माझा होता, तो माझ्याजवळच होता. मग गेलं कोण? हे कुणाला सांगणार? बायको वारली तर माणसं भेटायला येतात, मुलगी सासरी गेली तर डोळे पुसायला कुणी ना कुणी असतं. सून गेली तर बाप्यानं काय करायचं असतं, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

आज सकाळी मी लिहायला बसलो, तर आई आली. मला वाटलं, काही बोलेल. पाठीमागे उभी राहिली. मग म्हणाली, "शेवटचं आहे का?"

मी मान डोलावली.

"मग घाई करू नका," ती म्हणाली. चहा ठेवून गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून नळाचा आवाज यायला लागला आणि बराच वेळ येतच राहिला. भांडी केव्हाच घासून झाली होती. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, "माझंही लिहा. लिहा, तिच्या आईला फार आठवण येते. आई असंच लिहा. आणि तिला म्हणावं, एकटी राहू नकोस. कुणी भेटलं तर माझ्याकडे बघून अडू नकोस."

लिहिलं.

नव्या मुलीला मी पुढच्या महिन्यात लोखंडी पुलावर नेणार आहे. तो बुटका आहे, तिला भीती वाटणार नाही. तिथं मी गप्प राहणार आणि तिला काय दिसतं ते विचारणार. जमेल की नाही, माहीत नाही.

उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर मी उघडेन, आणि उघडलं तर लिहायला बसेन. आपल्या दोघांपैकी खंबीर तू आहेस, म्हणून हे तुझ्यावर सोडतो.

एकच मागणं आहे. लहान कामं घेऊ नकोस. गल्लीबोळातले नाल्यावरचे पूल दुसऱ्यांना बांधू देत. तू मोठे बांध, उंच बांध, वर्तमानपत्रवाल्यांना पहिल्या पानावर छापावेच लागतील असे. तुझं नाव ते छापणार नाहीत, इंजिनीअरचं कधी छापत नाहीत. पण बघितल्याबरोबर मला कळेल. तेवढ्यावरून मी समजेन की तू आहेस, बरी आहेस, कामात आहेस.

पत्रं थांबली. येणं-जाणं थांबलं. आशीर्वाद थांबवायला मात्र मला कुणी सांगितलेलं नाही.

बाबा